सोळा पेन्स की अठरा पेन्स : हुंडणावळीचा वर्गीय हिशेब

रुपया घसरला की भांडवलदारी वृत्तपत्रांतून एक ठरीव चर्चा सुरू होते. विरोधी बाकांवर बसलेल्या पक्षाला देशाची पत धुळीस मिळाल्याचा साक्षात्कार होतो. तोच पक्ष सत्तेवर आला की रुपयाची घसरण निर्यातीला कशी पोषक असते, हे त्याला उमगू लागते. जुलै २०२२ मध्ये डॉलरने ८० रुपयांची पायरी प्रथमच ओलांडली तेव्हाही हेच घडले. एका बाजूला राष्ट्रीय प्रतिष्ठेचा टाहो, दुसऱ्या बाजूला निर्यातदारांचा आनंद. या गदारोळात दोन साधे प्रश्न बाजूला पडतात. परकी चलनाशी रुपयाचे नाते कोण ठरवतो? आणि त्या नात्याची किंमत कोणता वर्ग मोजतो?

या प्रश्नांची उत्तरे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपेक्षा रुपया आणि पौंड यांच्या शंभर वर्षांच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडतात. हा इतिहास पक्षसभासदांनी समजून घेण्याजोगा आहे. रुपया महाग झाला तेव्हाही कष्टकरी नागवला गेला आणि स्वस्त झाला तेव्हाही तोच नागवला गेला, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट त्यातून उलगडते.

चांदीचा रुपया, सोन्याचा पौंड

१८३५ मध्ये कंपनी सरकारने साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी एकच चांदीचा रुपया सुरू केला. इंग्लंडचे चलन सोन्याचे होते. पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स. चांदी आणि सोने यांच्या भावांचे परस्परप्रमाण फारसे बदलत नव्हते तोवर रुपयाला जवळपास दोन शिलिंग मिळत. १८७० नंतर चित्र पालटले. जर्मनीने सोन्याचे चलन स्वीकारले, युरोपातील इतर देशांनी चांदीची नाणी पाडणे आवरते घेतले आणि चांदीचा भाव कोसळू लागला. त्याबरोबर रुपयाही उतरत गेला आणि १८९२-९३ मध्ये तो सुमारे पंधरा पेन्सांवर आला.

या घसरणीची झळ ब्रिटिश राज्यकर्त्यांना एका विशिष्ट जागी लागली. हिंदुस्थानच्या तिजोरीतून दरवर्षी ‘होम चार्जेस’ या सोज्वळ नावाखाली विलायतेला पैसा जात असे. रेल्वेच्या कर्जांवरील व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, लष्कराचा खर्च आणि लंडनमधील इंडिया ऑफिसचा कारभार यांचा त्यात समावेश होता. हे देणे पौंडांत होते, आणि ते फेडण्यासाठीचा महसूल मात्र रयतेकडून रुपयांत गोळा होई. मार्क्सने ‘भांडवल’ ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात आशियाशी होणाऱ्या हुंडणावळीचा विचार करताना नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. हिंदुस्थानकडून येणारा हा पैसा व्यापाराचा मोबदला नसून राज्य करण्याबद्दल वसूल केलेली खंडणी आहे, हे त्याने दाखवून दिले होते. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या अपहाराचा जो सिद्धांत मांडला, त्याचा गाभाही हाच.

उतरत्या रुपयाचा दुसरा परिणाम देशातल्या देशात झाला. मुंबईच्या कापडगिरण्यांचे सूत चीनमध्ये खपत होते, आणि चीनचे चलनही चांदीचेच असल्यामुळे या व्यापाराला स्वस्त रुपया मानवला. तथापि हा लाभ कोणाचा होता? १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाची कठोर चिकित्सा केली. रुपया उतरला की किंमती आधी चढतात आणि मजुरी मागाहून, रखडत चढते. त्यामुळे मालकाच्या पदरात पडणारा नफा परदेशाकडून मिळवलेला नसून देशातल्याच एका वर्गाने दुसऱ्या वर्गाच्या खिशातून काढून घेतलेला असतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हुंडणावळीच्या वादात राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्यांचा वर्ग कोणता, हे विचारण्याची दृष्टी या विवेचनाने दिली. चळवळीने ती विसरता कामा नये.

टांकसाळी बंद, लूट चालू

२६ जून १८९३ रोजी, हर्शेल समितीच्या शिफारशीनुसार, हिंदुस्थानातील टांकसाळी जनतेच्या चांदीसाठी बंद करण्यात आल्या. तोवर कोणीही टांकसाळीत चांदी देऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. आता रुपयांची टंचाई निर्माण करून त्याची किंमत सोळा पेन्सांपर्यंत चढवण्यात आली. १८९८ पर्यंत हे साधले. १८९९ मध्ये पंधरा रुपयांना एक सॉव्हरिन हा दर कायद्याने पक्का झाला.

या निर्णयाचा अर्थ दादाभाईंनी १८९८ च्या चलन समितीला सादर केलेल्या निवेदनात उघड केला. ज्या रुपयातील चांदी बाजारात अकरा पेन्सांची आहे, त्याला सोळा पेन्सांचा ठरवून त्याच रुपयांत कर वसूल करणे म्हणजे रयतेवर सुमारे ४५ टक्क्यांची छुपी करवाढ लादणे होय, असा त्यांचा आक्षेप होता. शेतसाऱ्याचा आकडा वाढला नव्हता; पण तो आकडा भरण्यासाठी विकावे लागणारे धान्य आणि कापूस वाढणार होता. गरिबाघरची बचत चांदीच्या कड्यातोड्यांत असे. पूर्वी त्या चांदीचे रुपये पाडता येत. आता ती पडेल त्या बाजारभावाने सराफाला विकणे भाग पडले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळांत शेतकऱ्याने बायकोच्या अंगावरचे दागिने बाजारात नेले तेव्हा लंडनने ठरवलेल्या हुंडणावळीची किंमत त्याने त्या दुकानात मोजली.

यापुढे रुपयाची गंगाजळीही लंडनमध्येच ठेवली जाऊ लागली. भारतमंत्री तेथे कौन्सिल बिले विकून पौंड जमा करी. ती बिले घेणाऱ्या व्यापाऱ्यांना कलकत्ता-मुंबईच्या खजिन्यांतून रुपये मिळत. हिंदुस्थानने निर्यातीतून कमावलेले सोने देशात येण्याआधीच विलायतेत अडवण्याची ही व्यवस्था होती. त्या पैशावर लंडनच्या नाणेबाजाराची उलाढाल चाले.

ही व्यवस्था कोणाच्या हितासाठी होती, हे पहिल्या महायुद्धानंतर पुन्हा दिसून आले. युद्धकाळात चांदी महागली आणि १९१९ च्या अखेरीस रुपया दोन शिलिंग चार पेन्सांवर गेला. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या हिशेबाने दोन शिलिंगांचा दर सुचवला. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुनाच दर राखण्याचा आग्रह धरला. तो डावलण्यात आला. पुढे रुपया कोसळू लागला तेव्हा कृत्रिम दर टिकवण्यासाठी सरकारने १९२० मध्ये साडेपाच कोटी पौंड स्वस्तात विकून टाकले. पंधरा रुपयांनी जमवलेला पौंड दहा रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भावाने गेला. नफा विलायतेस पाठवू इच्छिणाऱ्या परकी कंपन्यांची चंगळ झाली आणि तोटा हिंदुस्थानच्या तिजोरीच्या माथी बसला. दर मात्र टिकला नाही.

अठरा पेन्सांचा रुपया

या पार्श्वभूमीवर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोग नेमण्यात आला. पुढील वर्षी त्याने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजे अठरा पेन्स, ठेवण्याची शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका लिहून सोळा पेन्सांचा पुरस्कार केला. मुंबईत करन्सी लीग स्थापन झाली, वृत्तपत्रांतून आणि सभांतून वाद रंगला. अखेर मार्च १९२७ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात अत्यंत थोड्या मताधिक्याने अठरा पेन्सांचा कायदा संमत झाला.

दोन पेन्सांच्या फरकासाठी एवढा गदारोळ कशाला, असे आज कोणाला वाटेल. हिशेब करून पाहावा. समजा, कापसाच्या एका मालाला लिव्हरपूलच्या बाजारात दहा पौंड मिळतात. सोळा पेन्सांच्या दराने त्याचे दीडशे रुपये होतात. अठरा पेन्सांच्या दराने १३३ रुपये ५ आणे ४ पै. परदेशातील भाव तोच, माल तोच, श्रम तेच. पण देशात येणारे सुमारे सतरा रुपये नाहीसे झाले. मध्ये बसलेला निर्यातदार आणि अडत्या आपला वाटा सोडत नाहीत. त्यामुळे हा तोटा खाली सरकत सरकत शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. त्याचा शेतसारा, खंड आणि सावकाराचे देणे यांतून मात्र एक पैही कमी होत नाही.

आता दुसरी बाजू. विलायतेतून दहा पौंडांचे कापड आणणाऱ्याला ते दीडशेऐवजी १३३ रुपयांत पडू लागले. लँकेशायरच्या मालाला साडेबारा टक्क्यांच्या दरवाढीची ही अप्रत्यक्ष बक्षिशी होती. हजार रुपये घरी पाठवणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या कुटुंबाला ६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्सांऐवजी पूर्ण ७५ पौंड मिळू लागले. होम चार्जेसचा प्रत्येक पौंड सरकारला स्वस्त पडू लागला. महाग रुपयाचे हे तिन्ही लाभार्थी एकाच साम्राज्याच्या छत्राखाली नांदत होते. ज्याच्यामुळे निर्यात होत होती, ज्याच्या कापसावर, तागावर आणि गळिताच्या धान्यावर साऱ्या हुंडणावळीचा डोलारा उभा होता, तो शेतकरी या लाभार्थ्यांच्या यादीत कोठेही नव्हता.

गिरणीमालकांचा राष्ट्रवाद

सोळा पेन्सांची मागणी साम्राज्यशाहीविरोधी होती यात शंका नाही. पण ती मागणी करणाऱ्या वर्गाचे दुहेरी स्वरूप डोळ्यांआड करून चालणार नाही. हिंदी गिरणीमालकांनी दिल्लीपुढे शेतकऱ्याच्या नावाने अश्रू ढाळले. त्याच वेळी त्यांनी १९२६-२७ च्या टॅरिफ बोर्डाच्या चौकशीत चढ्या हुंडणावळीचे आणि जपानी स्पर्धेचे गाऱ्हाणे मांडले. आणि लँकेशायरशी चाललेल्या झगड्यातील तोटा अखेर कामगारांच्या अंगावर ढकलला. रॅशनलायझेशनच्या नावाखाली एका कामगाराकडे पूर्वीपेक्षा अधिक माग आणि अधिक साचे सोपवण्यात आले. मजुरी कापण्यात आली.

या हल्ल्याला उत्तर मिळाले ते १९२८ च्या सार्वत्रिक संपाने. एप्रिलपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत मुंबईचे सुमारे दीड लाख गिरणी कामगार लढले. त्या लढ्यातून गिरणी कामगार युनियन लाल बावट्याखाली उभी राहिली. मार्च १९२९ मध्ये डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर प्रभृती नेत्यांना मीरतच्या खटल्यात गोवण्यात आले. हुंडणावळीच्या प्रश्नावर सरकारशी भांडणाऱ्या मालकवर्गाला हा खटला काही फारसा अप्रिय वाटला नसावा. कामगारांनी मात्र या संपातून एक गोष्ट रोखठोक सांगितली होती : दर सोळा पेन्स असो वा अठरा, त्यातील तोट्याची भरपाई मजुरीतून होणार नाही.

१९३१ : लंडनचा हुकूम

२१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने सुवर्णचलन सोडले. सिमल्याच्या सरकारने त्याच दिवशी वटहुकूम काढून ठरावीक दराने सोने किंवा स्टर्लिंग विकण्याच्या बंधनातून स्वतःला मोकळे करून घेतले. परंतु लंडनमध्ये त्याच दिवशी भारतमंत्री सॅम्युअल होअर यांनी रुपया अठरा पेन्सांवर स्टर्लिंगशी जखडून राहील असे जाहीर केले, आणि तीन दिवसांत तो वटहुकूम मागे घेणे सरकारला भाग पडले. व्हाइसरॉयच्या सरकारचीही जेथे ही अवस्था, तेथे जनतेच्या प्रतिनिधींना कोण विचारतो?

तोवर जागतिक मंदीने शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आणले होते. अशा वेळी स्वतंत्र देश आपल्या चलनाचा दर उतरवून शेतकऱ्याला थोडा दिलासा देऊ शकतो. हिंदुस्थानला ते नाकारण्यात आले. कर्ज आणि सारा तोच, पीक निम्म्या भावाचे. परिणामी घरोघरचे सोने बाहेर पडले. शेतकऱ्यांनी मोडलेले दागिने सराफांमार्फत मुंबई बंदरात आणि तेथून लंडनला गेले. त्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किंमतीचे सोने देशाबाहेर गेले. सरकारी अहवालांत ही व्यापाराची अनुकूल बाजू म्हणून नोंदली गेली. वस्तुतः ती एका कंगाल झालेल्या देशाची मोड होती. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये सुरू झाली, तिच्या कायद्यातच अठरा पेन्सांचा दर घालण्यात आला. आणि बँकेचे पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ यांचे या दरावरून सरकारशी बिनसले, तेव्हा मुदत संपण्यापूर्वीच त्यांना पद सोडावे लागले.

दुसऱ्या महायुद्धात लुटीने आणखी एक रूप घेतले. ब्रिटनने हिंदुस्थानातून माल आणि सेवा उचलल्या, त्यांच्या बदल्यात लंडनमध्ये स्टर्लिंगचे कागद जमा केले आणि त्या कागदांच्या आधारावर येथे नोटा छापल्या. १९३९ मध्ये पावणेदोनशे कोटींच्या आसपास असलेले नोटांचे चलन युद्धाच्या अखेरीस अकराशे कोटींच्या पुढे गेले. हुंडणावळीचा दर तसूभरही हलला नाही; पण रुपयाची खरेदीशक्ती बाजारात विरघळून गेली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, त्या दुष्काळामागे हीच युद्धकालीन महागाई होती. रुपया कागदोपत्री अठरा पेन्सांचा राहिला आणि माणसे भुकेने मेली!

स्वातंत्र्यानंतर

सत्तांतर झाले तेव्हा ब्रिटनकडून भारताचे एक हजार कोटींहून अधिक रुपयांचे येणे होते. त्यातूनही निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनांची तरतूद करून घेण्यात आली. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे ३०.५ टक्क्यांनी अवमूल्यन केले आणि भारत सरकारने तत्काळ त्याचे अनुकरण केले. डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला. उरलेल्या स्टर्लिंग शिलकीची डॉलरमधील किंमतही त्याच प्रमाणात घटली. पाकिस्तानने अवमूल्यन नाकारले. दोन्ही रुपयांच्या दराचा तंटा पेटला आणि पूर्व बंगालच्या तागावर जगणाऱ्या कलकत्त्याच्या गिरण्या अडचणीत आल्या. राज्य बदलले होते, पण रुपयाची दोरी अजून लंडनच्या खांबालाच होती.

पुढे खांब बदलला. ६ जून १९६६ रोजी, दुष्काळाने आणि १९६५ च्या युद्धानंतरच्या मदतबंदीने गांजलेल्या काळात, जागतिक बँक आणि अमेरिका यांच्या दडपणाखाली रुपयाचे ३६.५ टक्क्यांनी अवमूल्यन झाले. डॉलर साडेसात रुपयांचा, पौंड २१ रुपयांचा झाला. एका रात्रीत परकी कर्जाचा रुपयांतील बोजा ५७ टक्क्यांहून अधिक वाढला. निर्यातवाढीचे आणि भरघोस मदतीचे जे चित्र रंगवण्यात आले होते, ते प्रत्यक्षात उतरले नाही. पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे लांबणीवर पडली. १९२७ मध्ये रुपया महाग करून शेतकऱ्याला लुटले गेले होते, १९६६ मध्ये तो स्वस्त करून ग्राहकाला आणि करदात्याला. दिशा उलट, पण ओझे त्याच खांद्यावर.

तथापि दुसरा मार्ग नव्हताच असे नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे पुन्हा अवमूल्यन झाले तेव्हा भारताने मागे जाण्याचे नाकारले. सप्टेंबर १९७५ मध्ये रुपयाचा स्टर्लिंगशी असलेला सांधा अखेर तुटला. १९५३ च्या करारापासून सोव्हिएत युनियनशी रुपयांत व्यापार सुरू झाला होता. यंत्रसामग्रीचे मोल चहा, ताग, कातडी वस्तू देऊन फेडता येत असे, त्यासाठी डॉलर शोधत हिंडावे लागत नसे. त्या व्यवहारातही रुबलच्या दरावरून तंटे झाले. पण ते दोन सरकारांनी समोरासमोर बसून सोडवले, आणि नोव्हेंबर १९७८ चा करार त्यातूनच झाला. सट्टेबाजांच्या हाती दर सोपवण्याची गरज त्यासाठी पडली नाही.

जुलै १९९१ मध्ये मात्र शासकवर्गाने स्वतःहून तो मार्ग सोडला. सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण ठेवले गेले, आणि १ व ३ जुलैच्या दोन हप्त्यांत एकवीस रुपयांच्या आसपासचा डॉलर सव्वीसच्या आसपास नेण्यात आला. १९९३ पासून दर बाजाराच्या स्वाधीन आहे. ‘बाजार’ या शब्दामागे परकी वित्तभांडवलाच्या लहरी उभ्या आहेत. ते येते तेव्हा रुपया वधारतो आणि आयात माल देशी उत्पादकाला मारतो. ते पळते तेव्हा रुपया कोसळतो आणि खनिज तेल, खते व खाद्यतेल महागते.

कष्टकऱ्यांची भूमिका

तेव्हा ‘रुपया किती हवा?’ या प्रश्नावर कामगारवर्गाने एखाद्या आकड्याचा झेंडा खांद्यावर घेण्याचे कारण नाही. आकड्यांच्या मागे उभे राहणारे वर्ग आपापले आकडे सांभाळण्यास समर्थ आहेत. श्रमिकांच्या पक्षाने मागणी करायची ती दोरीच्या टोकाची. परकी भांडवलाच्या ये-जा करण्यावर सरकारी नियंत्रण हवे. इतर देशांशी शक्य तेथे परस्परांच्या चलनांत, समानतेच्या पायावर व्यापार हवा. दर कोणत्याही दिशेने हलला तरी शेतमालाला हमीभावाचे आणि मजुरीला महागाई भत्त्याचे संरक्षण हवे, आणि ते कायद्याने हवे.

दिल्लीपासून मुंबईपर्यंत, इंदूर-बडोद्यापासून बेळगावपर्यंत कार्यकर्त्यांना रुपयाच्या घसरणीबद्दल प्रश्न विचारले जातील. उत्तर देताना देशाची पत चढली की उतरली या वादात न गुंतता त्यांनी सोळा आणि अठरा पेन्सांची ही कहाणी सांगावी. चढता रुपया शेतकऱ्याच्या पोटावर आणि उतरता रुपया कामगाराच्या ताटावर येत असेल, तर दोष रुपयाच्या चढण्याउतरण्यात नाही. तो चढवणारे आणि उतरवणारे हात कष्टकऱ्यांचे नाहीत, हे त्याचे कारण आहे; आणि ते हात बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे.